पेटीवरची नक्षी खरी की स्टिकर? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात लाकडात लाकूड बसवून केलेल्या नक्षीबद्दल या सदरात चारच ओळी छापल्या होत्या आणि म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर लिहा. लोकांच्या कपाटांत इतक्या पेट्या पडून आहेत याची कल्पनाच नव्हती. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच आहेत म्हणून निवडक घेतलेत, फोटो पाठवलेल्यांचे आभार, पण प्लीज फ्लॅश बंद करून काढत जा, चकाकीत काही दिसत नाही.

प्रश्न : मी दुबईत राहते. इथल्या एका इराणी दुकानातून छोटी दागिन्यांची पेटी घेतली, वर पूर्ण चांदण्या-चांदण्यांची नक्षी आहे, एकेक चांदणी ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. दुकानदार म्हणाला हे खातम, शिराझचं हँडमेड काम. नवरा म्हणतो की एवढं बारीक हाताने कोण करत बसणार, स्टिकर चिकटवलाय. खरं कोणाचं?

उत्तर : नवरोबांचा संशय अगदी रास्त आहे, कारण आपण असं धरून चालतो की कोणीतरी चिमट्याने एकेक तुकडा उचलून पेटीवर चिकटवलाय. तसं केलं तर एका पेटीला आयुष्य जाईल. खातमची गंमत अशी की नक्षी पेटीवर तयार होतच नाही, ती आधी काडीच्या पोटात तयार होते. अळूवडीचा उंडा आठवा, बाहेरून नुसता हिरवा दांडा, कापला की प्रत्येक चकतीत तोच गोल गोल पेच. इथे पानांऐवजी काड्या असतात एवढंच.

आता काड्या कशा, तर हातभर लांब आणि कापल्यावर तोंडाशी त्रिकोण दिसेल अशा. लाकडाच्या असतात, काळ्यासाठी आबनूस, तांबूससाठी उन्नाब म्हणजे आपल्या बोरीच्या कुळातलं झाड, पिवळटसाठी संत्र्याचं लाकूड. पांढऱ्यासाठी उंटाचं हाड, पूर्वी श्रीमंती कामात हस्तिदंतही. हिरवा रंग हवा तर हाडच हिरवं रंगवतात. आणि पितळेची तार, तीही ओढून त्रिकोणीच केलेली. मध्ये पितळेची काडी, तिच्याभोवती लाकडाच्या, त्याभोवती हाडाच्या, असं करत करत सहा कोनांची जुडी बांधत जायची, सरस लावून दोऱ्याने करकचून गुंडाळायची आणि वाळू द्यायची. मग दोरा काढून अशा जुड्या शेजारी शेजारी रचून, मधल्या फटींत आणखी त्रिकोणी काड्या भरून, पुन्हा चिकटवून दाबून एक ठोकळा करायचा. हा ठोकळा आडवा कापला की साधारण मिलिमीटरभर जाडीचे पापुद्रे निघतात, आणि प्रत्येक पापुद्र्यावर चांदण्यांची तयार जाळी. ती पेटीच्या लाकडावर चिकटवायची, घासायची, वर तेल किंवा वॉर्निशचा हात. उत्तम कामात एका घन सेंटिमीटरमध्ये अडीचशेच्या आसपास तुकडे मावतात असं सांगतात, आणि काड्यांची जाडी बघितली की ते पटतं.

म्हणजे वेळ कापण्यात नाही जात, काड्या घासण्यात जातो. सहा त्रिकोण मिळून मधला गोल पूर्ण व्हायचा तर प्रत्येकाचा कोन बरोबर ६० अंश हवा. अर्धाच अंश चुकला, सहाही काड्यांत चुकला, की शेवटच्या काडीपाशी ३ अंशांची फट राहते आणि ती फट मग प्रत्येक पापुद्र्यावर, प्रत्येक चांदणीत, पेटीभर दिसते. शिराझ आणि इस्फहानचे कारागीर ज्याच्यावर मान कमावतात ते हे काड्यांचं काम, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता तुमची पेटी. पहिलं, झाकण उघडा आणि कडेला बघा. छापील कागदाची किंवा प्लास्टिक शीटची नक्षी कडेवरून दुमडून खाली जाते किंवा काठाला पांढरी रेघ दिसते. खऱ्या खातमला कडेपाशी जाडी दिसते, आणि नक्षी कोपऱ्यात बऱ्याचदा चांदणीच्या मधोमध कापलेली असते कारण पापुद्रा पेटीच्या मापाला कापून लावलाय. दुसरं, मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन झूम करा. छपाई असेल तर रंग बारीक बारीक ठिपक्यांत फुटतो. खरं असेल तर पितळेचा त्रिकोण लख्ख धातूचा दिसतो आणि पेटी हलवली की फक्त तोच चमकतो, बाकीचं नाही. नख हलकेच फिरवलं तर जुन्या पेटीत धातू लाकडापेक्षा किंचित वर लागतो. तिसरं म्हणजे लोक इथे फसतात, की एकच चूक, समजा एका पाकळीत काळ्याच्या जागी तपकिरी, दहा ठिकाणी तशीच दिसली की लोक म्हणतात बघा छापलंय. तसं नाही हो. एकाच ठोकळ्याचे पापुद्रे असले की ठोकळ्यातली चूक सगळ्यांत येणारच.

अर्थात खरं खातम म्हणजे भारी खातम असं नाही, हल्ली हाडाच्या जागी प्लास्टिकच्या काड्या टाकलेलं स्वस्त कामही सर्रास मिळतं, ते तंत्राने खरंच असतं पण चार वर्षांत पांढरं पिवळं पडतं. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात काठाची जाडी स्पष्ट दिसतेय आणि कोपऱ्यात अर्धी चांदणी आहे, तेव्हा नवरोबांना चहा करायला लावा.

कधी इराणला जाणं झालं तर शिराझच्या वकील बाजारात आणि इस्फहानच्या नक्श-ए-जहान चौकाच्या भोवतीच्या दुकानांत हे काम भरपूर बघायला मिळतं, पेनदाण्या, चित्रांच्या चौकटी, सोंगट्यांचे पट, संतूर-सेतार या वाद्यांच्या कडा. सफवी काळात म्हणजे सोळाव्या ते अठराव्या शतकात ही कला बहरली, आणि तेहरानच्या संगमरवरी महालात तर १९३० च्या दशकात एक अख्खं दालन खातमने मढवलं. इतकं एकदम सगळीकडे बघून माझे तरी डोळे गरगरतील, खातम पेटीएवढंच बरं, पण ज्याची त्याची आवड.

प्रश्न : आमच्या गिरगावच्या घरात पणजीची एक चंदनाची पेटी आहे, शेजारच्या पारशी बाईंनी तिला दिली होती असं आई सांगते. कडेला पांढऱ्या-काळ्या-हिरव्या त्रिकोणांची पट्टी आणि मध्ये पांढरे पत्रे बसवलेत, उघडली की अजून वास येतो. हे इराणी खातम आहे का, आणि पांढरं म्हणजे हस्तिदंत का? भावाला विकायची घाई झालीय, ऑनलाइन टाकू म्हणतो.

उत्तर : आधी भावाला थांबवा, मग बाकीचं बोलू.

वर्णनावरून आणि फोटोवरून ही तथाकथित बॉम्बे बॉक्स दिसतेय. तंत्र तेच खातमचं, आपल्याकडे त्याला सादेली म्हणतात. शिराझहून सिंधमार्गे हे काम मुंबई-सुरतकडे आलं असं एकोणिसाव्या शतकात इथल्या कारागिरीवर लिहिणाऱ्या इंग्रजांनीही नोंदवलंय, आणि नक्षी बघितली तर नातं लपतही नाही. फरक मालमसाल्यात आहे. इराणी पेटी बहुतेक पूर्ण नक्षीने भरलेली आणि चमक पितळेची. मुंबईची पेटी चंदनाची, कडांना सादेलीची पट्टी, मध्ये एखादा गोल किंवा चौकोन, आणि चमक पांढऱ्या धातूची, म्हणजे कथलाची. लाल हवा तिथे पतंग नावाच्या झाडाचं लाकूड, काळ्याला आबनूस, हिरव्याला रंगवलेलं हाड किंवा शिंग. गिऱ्हाईक मुख्यतः इंग्रज, त्यामुळे आकारही त्यांच्या सोयीचे, उघडली की लिहायचा उतरता पाट होणारी पेटी, शिवणाचं सामान ठेवायचे खण, भेटीची कार्डं ठेवायची चपटी डबी. लंडनला १८५१ साली जे मोठं प्रदर्शन भरलं तिथे मुंबईचं हे काम मांडलं होतं, आणि त्यानंतर मागणी इतकी वाढली की आज इंग्लंडच्या लिलावांत अशा पेट्या नेहमी दिसतात. गंमत बघा, नाव मुंबईचं आणि मुंबईत आज बनवणारं कोणी सापडत नाही, सुरतेत मात्र मोजकी घरं अजून सादेली करतायत.

आता पांढऱ्याचं. त्या काळच्या चंदनाच्या पेटीत मोठे पांढरे पत्रे असतील तर ते हस्तिदंत असण्याची शक्यता दाट आहे. मोठ्या तुकड्यावर, विशेषतः आडव्या कापलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या फिकट रेघांची जाळी दिसते, हाडावर त्याऐवजी बारीक काळपट ठिपके किंवा चिरा दिसतात कारण हाडात रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात. त्रिकोणी बारीक तुकड्यांवर मात्र डोळ्यांनी काहीही कळणार नाही. आणि कृपा करून ती यूट्यूबवाली तापलेल्या सुईची टेस्ट करू नका, उत्तर मिळो न मिळो, शंभर-दीडशे वर्षांच्या वस्तूला कायमचं भोक पडतं.

विकण्याबद्दल सरळ सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या १९८६ च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आलेल्याचाही. पणजीची आहे, जुनी आहे, छोटीशीच आहे, यातलं काहीच विक्रीला चालत नाही, आणि ऑनलाइन जाहिरात म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा टाकणं. परदेशी मावसभावाकडे पाठवू म्हणाल तर तेही नाही, हस्तिदंताचा प्रश्न आहेच, शिवाय शंभर वर्षांवरची कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्याच पुरावस्तू कायद्याची बंदी आहे. घरातल्या वस्तूचं काय करावं हे तुमच्या विभागाच्या वन खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, एजंटला नाही. भाऊ चिडेल, चिडू दे.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वडिलोपार्जित सुतारकी नाही पण वीकेंडला गॅरेजमध्ये लाकूडकाम करतो. टेबल सॉ आहे, छोटा बँड सॉ आहे. असं मोझेक घरी जमेल का? कुठलं लाकूड घेऊ? मित्र म्हणतो लेझर कटरवर एका दिवसात होईल.

उत्तर : जमेल, पण चांदणीपासून सुरुवात करू नका. पहिल्यांदा चौकोनी काड्या घ्या. ५ मिलिमीटरच्या चौरस काड्या, दोन रंगांच्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या रचून चिकटवा आणि आडवं कापा. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात टनब्रिज वेल्स म्हणून गाव आहे, तिथल्या लोकांनी १८३० च्या आसपास नेमकं हेच सुरू केलं आणि चौकोनी काड्यांतून फुलं, पक्षी, पडके किल्ले, सगळं काढलं, भरतकामाच्या कागदावरचे चौकोन मोजून. ते बाहेरून रंग देत नसत, लाकडाचा मूळ रंगच वापरायचे, आणि हिरव्यासाठी एका बुरशीने आतून हिरवं झालेलं ओकचं लाकूड जंगलातून शोधून आणायचे, असली हौस.

लाकूड आपल्याकडे काय कमी आहे. गोऱ्या रंगाला शिवण, पिवळ्याला हळदू किंवा फणस, तपकिरीला साग, गडद जांभळटला शिसव. फर्निचरवाल्याकडे तुकडे पडलेले असतात, नवीन फळी विकत आणू नका. सगळं लाकूड नीट वाळलेलं आणि जमलं तर एकाच सीझनला वाळवलेलं घ्या, नाहीतर ठोकळा चिकटवल्यावर महिन्याभराने आतून ओढाताण सुरू होते. सागात तेल असतं, चिकटवायच्या आधी तोंडं ॲसिटोनने पुसून लगेच ग्लू लावा, नाहीतर कापताना काड्या सुटून येतात. साधा पांढरा फेव्हिकॉल चालतो, पण घाई नको, रात्रभर क्लॅम्पमध्ये राहू दे. आणि ५ मिलिमीटरच्या काड्या टेबल सॉवर फाडताना हात पात्याजवळ न्यायचा नाही, लाकूड ढकलायला पुश स्टिक वापरा आणि कडेला फेदरबोर्ड, म्हणजे काडी दाबून धरणारी दातेरी फळी, लावा, बोटं दहाच मिळतात.

पात्याचं गणित आधी करा. टेबल सॉचं पातं एका कापात तीनेक मिलिमीटर लाकूड भुसा करून टाकतं, म्हणजे १ मिलिमीटरच्या पापुद्र्यामागे तिप्पट मेहनत कचऱ्यात. काड्या हव्या तर टेबल सॉवर करा, पण ठोकळ्याचे पापुद्रे बँड सॉवर बारीक पात्याने काढा. त्रिकोणी काड्यांना पातं ३० अंशांवर कलवायचं, मशीनच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, डिजिटल अँगल गेज मिळतं ते पात्यावर चिकटवून बघा, आणि आधी सहा तुकडे कापून रबर बँडने एकत्र बांधून उजेडाकडे धरा. मधून उजेड आला तर कोन चुकलाय.

लेझरबद्दल मित्राला सांगा, लेझरने वरून आकार कापता येतात, ते मार्केट्रीला, म्हणजे पातळ आकार एकमेकांत बसवायच्या कामाला, उत्तम, कडा थोड्या जळतात ते सोडलं तर. पण खातम-सादेलीत वरून कापायचंच काही नसतं. एका दिवसात जे होईल ते वेगळं काहीतरी होईल.

प्रश्न : मार्केट्री, इंटार्सिया, म्हैसूरचं काम, गोव्याचं कपाट, हे सगळं एकच का? आमच्या मडगावच्या मामाकडे वर्तुळात वर्तुळ असलेलं एक जुनं कपाट आहे.

उत्तर : थोडक्यात. कापून पाडलेले पातळ आकार एकमेकांत बसवून पूर्ण पृष्ठभाग मढवला तर मार्केट्री. इटलीत पंधराव्या शतकात लाकडाच्या तुकड्यांतून अर्धी उघडी कपाटं, पुस्तकं, वाद्यं अशी हुबेहूब चित्रं केली ते इंटार्सिया, उर्बिनोच्या सरदाराच्या अभ्यासिका त्यासाठी प्रसिद्ध आहेत, त्यातली गुबियो गावची अख्खी खोली आता न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे. म्हैसूरचं काम म्हणजे शिसवीच्या फळीत चित्राच्या आकाराचे खड्डे कोरून त्यात दुसऱ्या रंगाची लाकडं बसवायची, पूर्वी हस्तिदंत बसवत, तिथल्या राजवाड्याच्या दारांवर ते अजून आहे. होशियारपूरलाही तसंच काम, आता हस्तिदंताऐवजी ॲक्रिलिक. मैनपुरीची तारकशी वेगळी, तिथे शिसमच्या लाकडात पितळेची बारीक तार ठोकून बसवतात.

मडगावच्या मामांकडचं कपाट जर सागाचं असेल आणि वर्तुळं काळ्या आबनुसाची, मध्ये पांढरे ठिपके, तर सतराव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांसाठी जी कपाटं बनत त्या घराण्यातलं ते दिसतंय. पाय बघा. अशा कपाटांना कधी कधी पायांच्या जागी कोरलेल्या जलपऱ्या किंवा नागिणी असतात. पाय साधे असतील तरी लगेच पॉलिशवाल्याला बोलवू नका म्हणावं. पांढऱ्या ठिपक्यांना वरचं हस्तिदंताचं सगळं लागू आहेच.

प्रश्न : चिपळूणला राहतो. लग्नात मिळालेली म्हैसूरची फ्रेम, हत्तीची मिरवणूक, दर पावसाळ्यात तिचे दोन-तीन तुकडे उचकटतात. फेव्हिक्विकने चिकटवले तर शेजारचे उचकटतात. काय करू?

उत्तर : फेव्हिक्विक बंद करा हे पहिलं. ते इतकं कडक होतं की तो तुकडा हलायचाच थांबतो, आणि लाकूड तर पावसाळ्यात दमट हवेने फुगणार आणि उन्हाळ्यात आक्रसणार, मग ताण शेजाऱ्यावर जातो. लाकूड फुगतं तेही सगळीकडे सारखं नाही, रेषांच्या आडव्या दिशेने जास्त, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि त्या चित्रात प्रत्येक तुकड्याच्या रेषा वेगळ्या दिशेला असतात. धातू बसवलेल्या कामात तर आणखी पंचाईत, धातू दमट हवेला दादच देत नाही, म्हणून जुन्या सादेली पेट्यांतून कथलाच्या पट्ट्या आधी वर येतात.

पाऊस संपून हवा कोरडी होईपर्यंत काही करू नका, पडलेले तुकडे पाकिटात घालून फ्रेमच्या मागे चिकटवून ठेवा. दिवाळीनंतर खड्ड्यातला जुना ग्लू टोकदार लाकडी काडीने खरवडा, अगदी थोडा पांढरा ग्लू लावा, तुकडा बसवा, बाहेर आलेला ग्लू कोरड्या फडक्याने टिपा, वर बटर पेपर आणि त्यावर वजन, एक दिवस. ओल्या फडक्याने फ्रेम पुसणं कायमचं सोडा, जुन्या कामात सरस असतो आणि सरस पाण्याने विरघळतो, आपण धूळ पुसतो आणि नक्षी सोडवतो. बाहेरच्या भिंतीवर टांगली असेल तर आतल्या भिंतीवर घ्या, कोकणातल्या बाहेरच्या भिंती ऑगस्टमध्ये कशा असतात हे तुम्हाला मी काय सांगणार. जुनी आणि खरंच मोलाची वस्तू असेल तर यातलं काही घरी करू नका, म्युझियमच्या कामाचा अनुभव असलेल्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. लग्नातल्या फ्रेमला हे चालतं.

प्रश्न : जपानहून मुलाने लाकडी पझल बॉक्स आणलाय, वरच्या बाजूंना सुंदर नक्षी. उघडायच्या सूचनांचा कागद हरवला. उघडतच नाहीये, स्क्रूड्रायव्हर घालू का? आत शंभरची नोट आहे.

उत्तर : नको नको नको! तो हाकोनेचा योसेगी-झाइकू दिसतोय, डोंगरातल्या हाताजुकु गावाची कला, एदो काळाच्या शेवटाला, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, सुरू झालेली. तिथेही ठोकळा करतात, पण पापुद्रे करवतीने नाही, मोठ्या रंध्याने काढतात, कागदाइतके पातळ, आणि ते बॉक्सवर चिकटवतात. स्क्रूड्रायव्हर लागला की ते पहिलं फाटणार. दर जानेवारीत तोक्यो ते हाकोने जी कॉलेजच्या मुलांची रिले शर्यत होते तिच्या जाण्याच्या टप्प्याच्या विजेत्यांना याच कामाची ट्रॉफी देतात, इतका त्यांना त्याचा अभिमान.

उघडायचं असं, बॉक्स टेबलावर ठेवा आणि अरुंद बाजूच्या पट्ट्या अंगठ्याने एकेक करून हलकेच सरकवून बघा, एखादी दोन-तीन मिलिमीटर हलेल. ती हलली की शेजारची बाजू सरकवा, मग परत पहिली आणखी थोडी. जोर लागतोय असं वाटलं की ती बाजू चुकीची. पावसाळ्यात लाकूड फुगून अडकतं, तसं असेल तर चार दिवस कोरड्या कपाटात ठेवा आणि पुन्हा करा. आणि नोट शंभरचीच आहे ना, मग घाई कशाला.